परीटघडी आणि एक पैठणी

ड्रायक्लीनिंग कोरडं नसतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘टेक्स्टाइल केमिकल्सच्या क्षेत्रातली माझी वाटचाल’ असा लेख मागितला आहे. मी त्या क्षेत्रात आहे अशी मंडळात बहुतेकांची समजूत आहे आणि ती मीच करून दिलेली आहे. प्रत्यक्षात ओहायोतल्या एका छोट्या गावात, कोर्टाच्या घड्याळासमोर, माझं कपडे धुण्याचं दुकान आहे. लोक मळलेले कपडे आणून देतात, मी ते स्वच्छ करून, इस्त्री करून, हँगरला लावून परत देतो. त्याला केमिकल लागतं, म्हणजे मी अगदीच खोटं बोललो नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

तर, कोरडं नसतं. कपडा पाण्याऐवजी दुसऱ्या एका द्रवात घोळवतात. तो द्रव तेल, तूप, मेणचटपणा काढतो आणि लोकरीला आटवत नाही. कपडा भिजतो चांगला, फक्त पाण्याने भिजत नाही, एवढंच. यंत्र अर्धं काम करतं. उरलेलं अर्धं मागच्या खोलीतल्या टेबलावर, दिव्याखाली, हाताने करायचं असतं. डाग कशाचा आहे, कधी पडला आणि तुम्ही घरी त्यावर काय काय लावलंत, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. शेवटच्या प्रश्नाला लोक हमखास खोटं बोलतात. ‘काही नाही हो, पडला तसा उचलून आणला,’ म्हणतात आणि कोटाला टूथपेस्टचा वास येत असतो. निम्मे डाग पडल्यामुळे नाही, घरच्या घरी चोळल्यामुळे कायमचे होतात.

काही डाग आम्हालाही हार जात नाहीत. तेव्हा आमच्या धंद्यात एक रीत आहे. कपड्याला एक छोटी छापील चिठ्ठी टाचून द्यायची. ‘हा डाग कपडा आमच्याकडे येण्याआधीपासून होता. आम्ही शक्य ते सर्व केले. याहून जास्त केल्यास कापडाला इजा होईल.’ शब्द सभ्य आहेत, अर्थ एवढाच की आमच्याकडे बोट दाखवू नका. या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काउंटरखाली असतो. माझा गठ्ठा लवकर संपत नाही, याचा मला अभिमान होता.

दुकान मी वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याकडून घेतलं. मी मूळ सोलापूरचा, ॲन आर्बरला शिकलो आणि मोटारींच्या सीटचं कापड बनवणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. कारखाना बंद पडला. दुसरी नोकरी मिळेपर्यंत तात्पुरतं म्हणून दुकान बघायला गेलो आणि तिथेच रुतलो. वॉल्टर विकून मोकळा झाला तरी रोज सकाळी येऊन बसायचा, कारण घरी त्याला करमायचं नाही. त्याने मला शिकवलेली पहिली गोष्ट मयताच्या कपड्यांची. आमच्या गावात माणूस गेला की त्याला त्याचा चांगला सूट घालून पेटीत ठेवतात. पेटीचं झाकण अर्धंच उघडं असतं, कमरेखालचं कोणाला दिसत नाही, पाठ तर नाहीच नाही. मी पहिल्यांदा असा सूट हातात घेतला तेव्हा पुढून झकास इस्त्री केली आणि हँगरला लावला. वॉल्टरने तो उतरवून परत माझ्यापुढे टाकला. पँटची धार हवी, कोटाच्या पाठीची इस्त्री हवी.

‘कोण बघणार आहे?’ मी विचारलं.

‘तू बघतो आहेस की,’ तो म्हणाला.

वॉल्टर गेला तेव्हा त्याच्या सुटाची पाठ मी दोनदा इस्त्री केली.

गावाने मला कधी कमी लेखलं नाही, हे मुद्दाम लिहायला हवं. शाळेच्या बँडचे लोकरी गणवेश दर हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्याकडे येतात, घामाचा आणि मोहरीच्या सॉसचा वास घेऊन. त्यांच्या खिशांत मला मक्याचे दाणे, प्रेमपत्रं आणि एकदा तर कोणाच्या तरी आजोबांची कवळी सापडली. सापडलेलं सगळं पाकिटात घालून कपड्याबरोबर परत करायचं, वाचायचं नाही, हा नियम. डेल नावाचा एक शेतकरी आहे. त्याची बायको गेली तेव्हा तो तिचा निळा ड्रेस घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून नुसता उभा राहिला. एक बटण तुटलेलं होतं. माझी बायको शोभा आमच्या दुकानात शिवणकाम आणि दुरुस्ती बघते. तिने आपल्या डब्यातलं बटण काढून पाहिलं, जुळेना, तेव्हा सगळीच बटणं बदलून दिली. तेव्हापासून डेल दर उन्हाळ्यात मागच्या दारी मक्याच्या कणसांची पिशवी ठेवून जातो, हाक न मारता. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत फायर ब्रिगेडच्या गाडीमागे जो ट्रक असतो त्यावर गावातले दुकानदार बसतात, त्यांत मीही असतो आणि पोरांसाठी गोळ्या-चॉकलेटं उधळतो. थोडक्यात, गावात मी प्रतिष्ठित. मंडळाच्या कार्यक्रमाला निघालो की हायवेवर कुठेतरी माझा परीट व्हायचा.

याचं मूळ सोलापुरात आहे. आमच्याकडे नामदेवमामा परीट कपडे न्यायला यायचे. आई त्यांना मामा म्हणायची, तब्येत विचारायची, दिवाळीला फराळ द्यायची. पण ते उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत आणि आईने कधी ‘या’ म्हटलं नाही. आम्हाला परीटघडीचे कपडे घालून लग्नाला जायची हौस होती, घडी घालणारा मात्र दारातच बरा. मी हे लहानपणी रोज पाहिलं आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. पुढे स्वतः तोच धंदा घेतला तेव्हा मात्र तो उंबरा बरोबर आठवला.

मंडळाच्या पहिल्याच गणपतीला कोणीतरी विचारलं, ‘आपण कशात?’ समोर मोटार कंपन्यांतले इंजिनिअर, एक हाडांचे डॉक्टर, दोन प्राध्यापक. मी म्हणालो, ‘टेक्स्टाइल केमिकल्समध्ये.’ प्राध्यापकांनी मान डोलावली. झालं. एकदा डोलावलेली मान परत सरळ करायला सांगण्याचा धीर मला झाला नाही. आमचं गाव तिथून लांब, वाट वाकडी करून कोणी येण्यासारखं काही नाही, त्यामुळे पितळ उघडं पडलं नाही. शोभाने दोन-तीन वर्षं कळ काढली, मग यायचीच बंद झाली. ‘तुमचं खोटं मला पाठ होत नाही,’ म्हणाली. ‘मी घरी बसून पोहे करून खाईन.’ मी लोकांना सांगायचो, तिला लांबचा प्रवास झेपत नाही.

आमची मुलगी ऋचा दुकानातच मोठी झाली. कपड्यांच्या फिरत्या साखळीखाली बसून गृहपाठ करायची. हुशार निघाली, शिकागोत एका मोठ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती. मंडळात ते सांगताना माझी छाती फुगायची. आणि गेल्या वर्षी ती नोकरी सोडून परत आली.

‘बाबा, मला दुकान चालवायचंय,’ ती म्हणाली. ‘तुम्ही रिटायर व्हा. आय हॅव अ प्लॅन.’

प्लॅन खरोखरच चांगला होता. घरोघरी जाऊन कपडे आणणारी व्हॅन, कमी केमिकलचं नवं यंत्र, आसपासच्या गावांतली गिऱ्हाइकं. वॉल्टर असता तर नाचला असता. मला मात्र वाटलं, माझ्या पिढीचं मी निभावलं, आता पोरगीही परीट. बाप म्हणून लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते हेच. मी तोंडदेखलं हो म्हटलं. या दिवाळीला दुकान तिच्या नावावर करायचं ठरलं आणि दुसऱ्याच रविवारी फोनवर कोणीतरी तिची चौकशी केली तेव्हा मी म्हणालो, ‘ऋचा सध्या वर्क फ्रॉम होम करते.’

यंदाच्या गणपतीला ऋचा माझ्याबरोबर मंडळात यायला निघाली. बऱ्याच वर्षांनी येत होती, कारण विद्यामावशी भेटणार होत्या. विद्याताई मंडळाच्या रविवारच्या शाळेत मराठी शिकवायच्या. ऋचाला जे थोडंफार मराठी येतं ते त्यांच्यामुळे. गाडीत मी म्हणालो, ‘तिथे लोक विचारतील. दुकानाचं काही बोलू नकोस. एवढं प्रॉमिस कर.’

‘बाबा, सीरियसली?’

‘माझ्यासाठी.’

तिने खिडकीबाहेर बघितलं. ‘ओके. फाइन,’ म्हणाली.

आरती झाली, जेवणाच्या रांगा लागल्या. विद्याताईंनी आपल्या आईची पैठणी नेसली होती. जुनी, हातमागाची, गर्द हिरवी, पदरावर मोर. नातीच्या साखरपुड्याला नातीने तीच नेसायची असं ठरलं होतं, म्हणून एकदा हवा द्यायला नेसले, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. वाढताना कोणाचा तरी धक्का लागला आणि बटाट्याच्या रस्स्याचा डाव त्यांच्या पदरावर कलंडला. तेल आणि हळद. हाताच्या पंजाएवढा पिवळा डाग.

मी चार पावलांवर होतो. काय करायला हवं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. काहीही करू नका. पाणी नको, चोळणं नको. कोरड्या कागदाने वरचा रस्सा टिपा, साडी बदला आणि मला द्या. आधी द्रवाने तेल जाईल, मग हळद हळूहळू काढता येईल, हळद तशीही उजेडाला भिते. आठवड्यात साडी नवी.

पण ‘मला द्या’ म्हटलं की ‘तुम्हाला कशाला?’ हे ओघानेच आलं असतं.

चारी बाजूंनी सल्ले सुरू झाले. कोणी मीठ आणा म्हणालं, कोणी टाल्कम पावडर. मग एक काकू स्वयंपाकघरातून खायचा सोडा आणि भांडी घासायचा साबण घेऊन धावत आल्या. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे आपल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, पण घाईत कोणाला आठवतं. डाग लालभडक झाला. तो बघून काकू घाबरल्या आणि आणखी जोरात चोळू लागल्या. ऋचा हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको, अशी. मग हातातल्या ताटाकडे बघत राहिलो. रेशीम ओलं असताना चोळलं की त्याचे धागे फुलतात आणि तिथला रंग कायमचा जातो. त्याला जगात औषध नाही. माझ्यासमोर मोराच्या अर्ध्या अंगाचा रंग गेला आणि हिरवा रंग काठात उतरला. विद्याताई ‘असू द्या हो, असू द्या,’ म्हणत हसत होत्या. चेहरा मात्र हसत नव्हता.

परतताना हायवेला लागल्यावर ऋचा म्हणाली, ‘तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.’

‘हो.’

‘तुम्ही स्वतःबद्दल लोकांना काय सांगता, दॅट्स युअर थिंग. पण मी जे करते ते लपवायचं? बाबा, तुम्हाला दुकानाची लाज वाटते की माझी?’

‘तसं नाही गं,’ एवढंच म्हणालो, म्हणजे तेही खोटंच.

‘मग दुकान विकून टाका,’ ती म्हणाली. ‘जे तुम्ही लपवता ते मी चालवू शकत नाही. मी दिवाळीनंतर शिकागोला परत जाते.’

घरी शोभाला सगळं कळलं. मला वाटलं रागावेल. ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, ‘साडी आणा.’

साडी आणायला धीर गोळा करण्यात बरेच दिवस गेले. शेवटी विद्याताईंना फोन केला आणि, वाचकहो, हे वाचून तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, मी त्यांना म्हणालो, ‘माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, साड्यांचं काम चांगलं करतो. त्याला दाखवू का?’ म्हणजे इतकं होऊनही जीभ सवयीने वळली. विद्याताईंनी साडी मलमलच्या पंच्यात गुंडाळून, वर नारळ ठेवून दिली. ‘त्यांना म्हणावं, जमेल तेवढंच करा,’ म्हणाल्या.

त्या साडीवर मी आणि ऋचाने मिळून काम केलं. ती कामापुरतं बोलायची. तेल गेलं. लाल गेलं, पिवळं गेलं. काठात उतरलेला हिरवा रंग तिने इतक्या नजाकतीने उतरवला की मी बघतच राहिलो, मला ते जमलं नसतं. पण मोराचा गेलेला रंग गेलाच. तिथे रेशीम पांढुरकं, भुरभुरीत, जुन्या टॉवेलसारखं राहिलं. शोभाने घडी घातली. ऋचाने सवयीने काउंटरखाली हात घातला, चिठ्ठी काढली आणि पंच्याला टाचली.

मी ती वाचली. शेकडो वेळा टाचली असेल, वाचली त्या दिवशी. ‘हा डाग कपडा आमच्याकडे येण्याआधीपासून होता.’ जगातल्या कुठल्याही ड्रायक्लीनरने त्या साडीला ही चिठ्ठी लावली असती तर ती खरी ठरली असती. मी डाग पडताना चार पावलांवर उभा होतो. मी टाचणी काढली, चिठ्ठी खिशात घातली आणि गाडीची किल्ली घेतली.

विद्याताईंनी दार उघडलं, ‘या, जयंतराव,’ म्हणाल्या. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. तिथेच सांगितलं. ओळखीचा माणूस कोणी नाही. माझंच दुकान आहे, ड्रायक्लीनिंगचं. गणपतीच्या दिवशी मला सगळं कळत होतं. मी बोललो असतो तर साडी वाचली असती.

त्यांनी पदर उलगडला. पांढऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मला वाटलं होतं त्या ‘जाऊ द्या हो’ म्हणतील, त्यांचा स्वभाव तसा. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

‘ऋचालाही कळत होतं?’ त्यांनी विचारलं.

‘हो. ती दुकान बघते आता. मी तिच्याकडून वचन घेतलं होतं, बोलायचं नाही म्हणून.’

त्यांनी साडीची घडी घातली. घडी घालताना पांढरी जागा आत जाईल असं बघितलं.

‘मी तिला वर्षभर ‘खरे बोलावे’ गिरवायला लावलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘साडीचं जाऊ दे म्हणणार नाही मी, आईची होती. पण पोरीचं तोंड बंद केलंत, जयंतराव, ते साडीहून वाईट केलंत.’

त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हणालो आणि त्यांनी आग्रह केला नाही.

घरी आल्यावर मी संपादकांना कळवलं की लेख देतो, विषय तोच, पण नावाखाली ‘व्यवसाय: ड्रायक्लीनर’ असं छापा. मग हे सगळं लिहून काढलं. ऋचाला एवढं मराठी वाचायचा कंटाळा येतो, म्हणून काल दुकान उघडायच्या आधी मी तिला वाचून दाखवलं. ती बँडच्या गणवेशांना नंबर टाचत ऐकत होती. शोभा मागून ऐकत होती, तिचं यंत्र थांबलेलं होतं. मला वाटत होतं, आता ऋचा म्हणेल, ठीक आहे बाबा, मी जात नाही. एवढ्यासाठीच वाचत होतो म्हणा ना.

वाचून झालं. तिने हातातला कोट साखळीला अडकवला.

‘एक गोष्ट चुकलीय,’ ती म्हणाली. ‘तुम्ही लिहिलंय की प्रॉमिसमुळे मी गप्प बसले.’

‘मग?’

‘प्रॉमिस मी मोडणार होते, बाबा. एक पाऊल टाकलंसुद्धा. मग तुम्ही मान हलवली, आणि सगळे इतके नटलेले, आणि मला वाटलं, हे लोक काय म्हणतील.’ तिने साखळीवरचा कोट सरळ केला. ‘मला लाज वाटली. आपल्या दुकानाची. लाइफमध्ये फर्स्ट टाइम. ती मला तिथे, त्या हॉलमध्ये, तुमच्याकडे बघून वाटली.’

बाहेर डेल आपला कोट हातात घेऊन दार उघडायची वाट बघत उभा होता. ऋचा किल्ली घेऊन दाराकडे गेली. जाता जाता म्हणाली, हेही लिहा.

म्हणून लिहिलं.